नानांच्या पायातली प्लेट आणि माझा चुंबक

आधी चहा घ्या. गार झाला तर मला बोलू नका, कारण हा किस्सा ऐकताना कप हातातच राहतो असा माझा अनुभव आहे. आता कुठून सुरुवात करू? गाढवपणा काय, सगळेच करतात. तुम्हीही केला असेल. पण भर ओसरीत दहा माणसं बसवून, हातात चुंबक घेऊन, प्रात्यक्षिकासह गाढवपणा करणारा अख्ख्या जळगाव जिल्ह्यात मी एकटाच असेन!

आणि मी कोण? तर विज्ञानाचा शिक्षक. जळगावच्या एका हायस्कुलात आठवी ते दहावी. म्हणजे एखादा अडाणी माणूस चुकला तर लोक म्हणतात, बिचारा. मला तीही सोय नव्हती.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचे नाना, म्हणजे माझे थोरले भाऊ, धरणगावला शिंपीकाम करायचे. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, तेव्हा नाना मिसरूड फुटायच्या आत मशीनवर बसले आणि त्या मशीनच्या पायट्यावर त्यांनी मला बी.एस्सी.पर्यंत पोचवलं. धरणगावातल्या तीन शाळांचे गणवेश त्यांच्या हातून जायचे. हातशिलाई तर अशी, की काज बघून लोक विचारायचे, हे मशीनवर केलं का?

नानांच्या दुकानात एक चुंबक होता. जुन्या रेडिओच्या भोंग्यातला, काळा, जड, बांगडीसारखा गोल. त्याला सुतळी बांधलेली. रोज दुकान बंद करताना नाना तो जमिनीवरून फिरवायचे आणि पडलेल्या सुया-टाचण्या टचाटच उड्या मारून त्याला चिकटायच्या. लहानपणी मला चुंबक म्हणजे काय ते त्या सुतळीनं शिकवलं, पुस्तकानं नाही.

आणि नानांच्या मांडीत होती एक प्लेट. बारा-तेरा वर्षांपूर्वी धुळ्याला कापड आणायला गेले असताना एका जीपनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं. तिथल्याच एका हाडांच्या डॉक्टरांनी स्टीलची पट्टी आणि स्क्रू घालून पाय असा जोडला, की चार महिन्यांत नाना पुन्हा पायटा मारायला लागले. थंडीत तेवढे म्हणायचे, "आज प्लेट गार पडनी रे."

असो. तर एका रविवारी मी धरणगावला गेलो, तेव्हा नाना दुकानात सुई-दोरा घेऊन बसलेले. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.

"बापू," ते म्हणाले, "हाई काय व्हई ऱ्हायनं रे? सुई धरेल शे का नही, तेच समजत नही."

सुई बोटांत होती, पण ती बोटांत आहे हे बोटांना कळत नव्हतं. शर्टाची बटणं वहिनी लावून देत होत्या. चालताना पाय अडखळत होता. चार दशकं ज्या हातांवर घर चाललं, ते हात नानांना परक्यासारखे वाटायला लागले होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांना जळगावला घेऊन गेलो. डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तळपायावर काडी ओढली, मान वाकवायला लावली. मग मला म्हणाले, "मानेत मज्जारज्जू दाबला जातोय असं वाटतं. एमआरआय करायला हवा. आपल्याकडे अजून ते मशीन नाही, मुंबईला जा. त्यात मोठा चुंबक असतो, पेशंटला आत झोपवतात. बरं, यांच्या अंगात काही धातू आहे का?"

"मांडीत प्लेट आहे."

"ठीक आहे. त्याचं असं असतं की..."

"समजलं सर!" मी म्हणालो. "मी विज्ञान शिकवतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर वीसेक पेशंट बसलेले. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि म्हणाले, "मग घरी तुम्हीच समजावून सांगा. ज्यांनी प्लेट बसवली त्यांना भेटून कागद घ्या. आणि उशीर करू नका."

या तीन वाक्यांतलं मला फक्त पहिलं ऐकू आलं. समजावून सांगायचं! अहो, मी त्यासाठीच तर जन्माला आलो होतो.

त्या संध्याकाळी धरणगावच्या घरी ओसरीत ही गर्दी. नाना पाटावर. वहिनी भरतासाठी वांगी घेऊन बसलेल्या. शेजारचे आबा, पोस्टातून निवृत्त झालेले, ते नेहमीच्या खुर्चीवर. शिवाय आळीतली पाच-सहा माणसं. सगळ्यांचा प्रश्न एकच, हे मुंबईचं मशीन म्हणजे आहे तरी काय?

मी हात झटकून उभा राहिलो. वर्गात उभा राहतो तसाच.

"वहिनी, एक वांगं द्या."

वहिनींनी चांगलं गुबगुबीत हिरवं वांगं दिलं. मी नानांच्या डबीतली एक सुई घेतली आणि वांग्यात अर्धी खुपसली. "समजा, हे वांगं म्हणजे नानांची मांडी."

आबा पुढे सरकले. वहिनींच्या कपाळावर आठी.

"आणि ही सुई म्हणजे प्लेट. आता हा बघा चुंबक. हा एवढासा. मुंबईतला असेल खोलीएवढा!"

आणि मी दुकानातून आणलेला तो सुतळीचा चुंबक वांग्याजवळ नेला. टच्! सुई वांग्यातून उडून चुंबकाला चिकटली. वांग्याला बारीकसं भोक.

तुम्हाला सांगतो, वर्गात पंधरा वर्षं शिकवलं, पण एवढी शांतता मला कधी मिळाली नव्हती.

नाना त्या भोकाकडे बघत होते. मग त्यांनी हळूच स्वतःच्या मांडीवर हात ठेवला.

"काय भाऊजी," वहिनी कडाडल्या, "जीव लेतस का त्यासना?"

"अहो, म्हणून तर सांगतोय! काळजी घ्यायला हवी. आधी ती प्लेट काढून..."

"काढीसन?" नाना म्हणाले. "पाय पुन्हा फाडाना, प्लेट काढानी, मंग मान दखानी? मी काही जात नही."

आणि नाना उठले. मी म्हणालो, नाना, ऐका तर. तर म्हणाले, "ऐकाले काय ऱ्हायनं? बठ्ठं दखी लिधं." सगळं बघून घेतलं!

झालं! शिक्षकाला आणखी काय हवं? विद्यार्थ्याला धडा पुरेपूर समजला होता.

ही बातमी चार दिवसांत धरणगावभर फिरली आणि फिरता फिरता वाढली. कुणी म्हणालं, त्या मशीनमध्ये एका बाईच्या बांगड्या भिंतीत घुसल्या. कुणी म्हणालं, दातात चांदी भरलेला माणूस छताला जाऊन चिकटला, शिडी लावून काढावा लागला. आबांनी तर मला गाठून गंभीरपणे विचारलं, "बापू, रक्तातही लोह असतं म्हणतात. मग रक्त नाही का ओढत ते मशीन?" मी म्हणालो, नाही, तसं नसतं. "का नसतं?" आबा म्हणाले. मला सांगता येईना. खरंच सांगतो, त्या क्षणी पहिल्यांदा मनात आलं, की अरे, आपल्याला या विषयातलं नेमकं काय माहीत आहे? पण शिक्षकाला असा प्रश्न गिळायची सवय असते. गिळला.

असे तीन आठवडे गेले.

तीन आठवडे, बरं का! मी दर रविवारी जायचो, नानांना म्हणायचो, तुम्ही हो म्हणा, प्लेट काढायची सोय बघू. ते म्हणायचे, बघू. आणि हात रोज थोडा थोडा जात होता. गणवेशाचं काम त्यांनी दुसऱ्या शिंप्याला देऊन टाकलं. कुणाला सांगितलं नाही. दुकान मात्र रोज उघडायचे, मशीन पुसायचे आणि बसून राहायचे.

तिसऱ्या रविवारी मी दुकानात गेलो तर नाना पांढरं कापड बेतत होते. एका जुन्या गिऱ्हाईकाचा सदरा, हट्टानं घेतलेला. मोठी कात्री कशीबशी चालत होती. मी समोर बसलो, बोलायला लागलो, आणि बोलता बोलता माझी नजर कापडावर गेली. पांढऱ्या कापडावर लाल ठिपके. एक, दोन, मग एक मोठा डाग.

"नाना, रक्त!"

"कोठे?" नाना इकडेतिकडे बघायला लागले. माझ्या हाताकडे बघितलं. जमिनीकडे बघितलं. आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या बोटाकडे.

कात्रीनं बोट चांगलं खोल कापलं होतं. त्यांना ठाऊकच नव्हतं.

मी रुमाल गुंडाळला. नाना ते कापड घडी करत म्हणाले, "गिऱ्हाईकले काय सांगू?" बस, एवढंच. स्वतःच्या बोटाबद्दल एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून मी धुळ्याची एस.टी. पकडली.

प्लेट बसवणारे डॉक्टर आता साठीच्या पुढे गेलेले. मी नाव सांगितलं, त्यांनी जुन्या चोपड्या धुंडाळल्या आणि कागद काढला. "हो, हो. धरणगावचे शिंपी. पायटा मारता येईल ना, एवढंच विचारत होते. काय झालं, पाय दुखतो?"

मी सगळं सांगितलं. मानेचं सांगितलं, मुंबईच्या मशीनचं सांगितलं आणि शेवटी आवाज उतरवून म्हणालो, "तर सर, ती प्लेट आधी काढावी लागेल ना? नाहीतर चुंबक ओढून घेईल."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे... उघडच आहे की. स्टील आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टेबलाचा खण ओढला, आतून एक भोकाभोकांची लांबट पट्टी आणि दोन स्क्रू काढून माझ्यासमोर ठेवले. "अशीच आहे तुमच्या भावाच्या पायात. तुम्ही करता काय?"

"विज्ञान शिकवतो," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य एवढ्या हळू कधी म्हणालो नव्हतो.

"मग करा प्रयोग." भिंतीवरच्या लोखंडी फळ्याला कागद अडकवायला एक छोटा चुंबक लावलेला होता, तो त्यांनी ओढून काढला आणि माझ्या हातात दिला.

मी चुंबक पट्टीला लावला. पट्टी हलली नाही. उलटा करून लावला. स्क्रूला लावला. चुंबक आपला घरंगळून टेबलावर पडला, टक्.

"सगळं स्टील सारखं नसतं मास्तर," डॉक्टर म्हणाले, पण चांगल्या आवाजात म्हणाले. "हे हाडात बसवायचं स्टील वेगळं. याला चुंबकाचं काही देणंघेणं नाही. शिवाय पट्टी स्क्रूंनी आवळलेली, वर बारा वर्षांत वाढलेलं हाड. आणि फोटो काढायचाय मानेचा. तुमच्या घरात स्टीलचे डबे असतील ना? त्यांना कधी चुंबक लावून बघितला का?"

नव्हता लावला हो! पंधरा वर्षं 'चुंबक लोखंड व पोलाद यांस आकर्षितो' असं फळ्यावर लिहिलं. ज्या पेल्यातून रोज पाणी पितो त्याला एकदाही लावून बघितला नाही!

"पण सर, मग ते विचारतात कशाला, धातू आहे का म्हणून?"

"कारण काही धातूंचा खरोखर धोका असतो. हृदयाला लावलेलं मशीन असतं, मेंदूतल्या शिरेला लावलेला जुना चिमटा असतो. माणूस जाऊ शकतो त्यात. म्हणून ते सगळं विचारतात आणि मग ठरवतात. ठरवायचं त्यांनी. मी प्लेटचा कागद देतो, एक्स-रे देतो. तुम्ही तिथे फक्त विचारलं त्याचं खरं उत्तर द्या." मग त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

त्यांनी मान खाली घालून कागद लिहायला घेतला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पट्टी आणि स्क्रू मी मागून घेतले आणि तडक धरणगाव गाठलं. ओसरीत पुन्हा सभा. पुन्हा नाना, पुन्हा आबा. मी पट्टी काढली, दुकानातला तोच काळा चुंबक आणला आणि सगळ्यांदेखत लावून दाखवला. "बघा! चिकटत नाही. माझं चुकलं होतं."

वाटलं होतं, सुटकेचा निःश्वास वगैरे पडेल. छे! वहिनी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या.

"म्हणजे भांडा खरा व्हतात?"

"कोणती भांडी?"

आणि मग कळलं! मी वांग्याचा प्रयोग केला त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी तो चुंबक घेऊन अख्ख्या स्वयंपाकघरावर फिरवला होता. "बठ्ठा भांडासले लाई दखा. तवाले चिकटना, विळीले चिकटना, पन एकबी स्टीलना डबाले नही!" त्यावरून त्यांनी काय अनुमान काढलं असेल? मास्तर चुकला असं? छे हो! मास्तर कसा चुकेल? त्यांनी अनुमान काढलं, की बोहारणीनं फसवलं. जुने कपडे घेऊन खोटं स्टील दिलं. आणि पुढच्या वेळी ती बोहारीण आली, तेव्हा तिला दारात उभी करून वहिनींनी असं झाडलं, असं झाडलं, की ती बिचारी एक पातेलं फुकट ठेवून रडत गेली होती.

म्हणजे बघा. माझ्या आधी तीन आठवडे, माझ्याच घरात, माझ्याच चुंबकानं, चौथी शिकलेल्या बाईनं अचूक प्रयोग केला होता. उत्तरही बरोबर आलं होतं. फक्त माझ्यावरच्या विश्वासानं तिनं ते खोटं ठरवलं. मला यापेक्षा मोठी शिवी कुणी दिलेली नाही.

(बोहारणीला वहिनींनी नंतर हुडकून काढलं. पातेलं परत दिलं, वर लुगडं दिलं. हे सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही घरी जाऊन त्याचाच विचार करत बसाल.)

"चला मग नाना," मी म्हणालो. "उद्याची गाडी बघू?"

नाना पट्टीवरून बोट फिरवत होते. बोटाला किती कळत होतं कोण जाणे. म्हणाले, "त्या दिनले तू सांगं, ओढी लेई. आज सांगस, ओढत नही. वांगं तुनं, चुंबक तुना, पन पाय ते मना शे ना!"

मी चुंबकाची सुतळी गुंडाळत बसलो.

मग नानाच म्हणाले, "येस मी मुंबईले. पन तू मनासंगे आत ऱ्हायजो. त्या मशीनपाशी. काही व्हयनं ते तू दखशी."

मी शब्द दिला. आत शेवटपर्यंत राहीन, तुमचा पाय धरून राहीन.

मुंबईत ते तपासणी केंद्र गुळगुळीत, गार, पांढरंशुभ्र. दोन फॉर्म मिळाले, इंग्रजीत. एक पेशंटचा आणि एक आत थांबणाऱ्या माणसाचा. नानांचा फॉर्म मी एकेक शब्द वाचून भरला. धुळ्याचा कागद जोडला, एक्स-रे जोडला. आणि माझा? वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही, नाही. दहा सेकंदांत. माझ्या अंगात काय असणार? मी तर धडधाकट!

चाळिशीच्या एक बाई बाहेर आल्या, मशीन चालवणाऱ्या. नानांचे कागद त्यांनी नीट वाचले, आतल्या डॉक्टरांना दाखवून आल्या. म्हणाल्या, "काही हरकत नाही आजोबा. प्लेटजवळ गरम वगैरे वाटलं तर ही घंटी दाबायची." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही आत थांबणार ना? मी पुन्हा तोंडी विचारते. घड्याळ, किल्ल्या?"

"काढल्या."

"ऑपरेशन?"

"नाही."

"डोळ्यात कधी लोखंडाचा कण वगैरे गेला होता?"

"नाही हो, मी शिक्षक आहे," मी हसून म्हणालो.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"आरे बापू, गया व्हता ना! भुली गया का?"

मी वळलो. नाना बाकावर बसल्या बसल्या माझ्याकडे बघत होते.

"धुयाले, लेथवर. तुना उजवा डोया."

आणि मला आठवलं. कॉलेजच्या सुट्टीत मी धुळ्यात एका लेथच्या कारखान्यात दोन महिने काम केलं होतं. धार लावताना ठिणगी उडाली आणि डोळ्यात काहीतरी गेलं. सरकारी दवाखान्यात त्यांनी काढलं, काढलं म्हणजे जेवढं दिसलं तेवढं काढलं. 'बारीकसं राहिलं असेल तर त्रास नाही, राहू दे' म्हणाले. दिवाळी तोंडावर, नानांचे ऐन हंगामाचे दिवस. तरी नाना दुकानाला कुलूप लावून आले आणि तीन दिवस माझ्या खाटेशी बसले. पट्टी सुटली, मला दिसायला लागलं आणि मी ते विसरूनही गेलो. मी विसरलो. ते विसरले नाहीत.

बाईंनी मला तिथूनच बाजूला घेतलं आणि डोळ्याचा एक्स-रे काढायला पाठवलं. फिल्म आली. डॉक्टरांनी ती दिव्यासमोर धरली आणि पेनाचं टोक ठेवलं. खोबणीत, खसखशीच्या दाण्याएवढा, पांढरा ठिपका.

"हा साधा लोखंडाचा तुकडा," ते म्हणाले. "प्लेट हलत नाही, हा हलला असता. आतमध्ये रक्तस्राव झाला असता, कदाचित डोळा गेला असता. तुम्ही त्या दारातून आत जायचं नाही. आज नाही आणि कधीच नाही."

मी खुर्चीवर बसलो. तीन आठवडे मी ज्या माणसाला त्या मशीनपासून वाचवत होतो, त्याला मशीनचं काहीच भय नव्हतं. भय होतं ते मला! आणि मी त्या खोलीकडे निघालो होतो 'नाही, नाही, नाही' लिहून.

"नाना, मी येऊ शकत नाही आत," मी म्हणालो. "शब्द दिला होता."

मला वाटलं आता ते उठून म्हणतील, चल घरी. नाना उठले. सदऱ्याची बटणं काढायला बाईंनी मदत केली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू आठेच बस. उठू नको. दारपाशीबी येऊ नको." आणि लहान मुलाला सोपवतात तसं त्या बाईंना म्हणाले, "बाई, याच्याकडे जरा लक्ष ठेवा."

जाडजूड दार बंद झालं. भिंतीपलीकडून खडखडाट सुरू झाला. पाऊण तास मी त्या खुर्चीवर बसून होतो. लोकांना मी आयुष्यभर सांगत आलो की मला माहीत आहे. स्वतःच्या डोळ्यात काय आहे ते माहीत नव्हतं. आणि ज्याला मी अडाणी समजून वांगं दाखवलं, तो माणूस माझा डोळा वीस वर्षं लक्षात ठेवून होता. हे असं बसून नीट बघायला लागलं की माणसाची उंची कमी होते. खुर्ची मोठी वाटायला लागते.

नाना बाहेर आले. मी धावणार होतो, पण मला जागेवरून उठू नको असं सांगितलेलं होतं. मी बसूनच विचारलं, "त्रास झाला का? पाय?"

"पाय काय करस?" नाना म्हणाले. "पन त्यासले सांग, मशीनले तेल घाला. बॉबिन ढिली शे. कितलं खडखड करस!"

मान खरंच दाबली गेली होती. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. बोटं एकदम नाही आली, महिन्या-महिन्यानं एकेक आली. आधी अंगठा, मग तर्जनी. डाव्या हाताची करंगळी मात्र आली नाही, ती अजूनही बधीर आहे. तीन आठवडे आधी गेलो असतो तर तीही आली असती का? मी सर्जनना विचारलं नाही. नानांनी तर विषयच काढला नाही. गणवेशाला करंगळी लागत नाही म्हणतात.

आता शेवटचं सांगतो आणि उठतो.

पुढच्या वर्षी नाना पुन्हा हातशिलाई करायला लागले, आणि बऱ्या झालेल्या हातांनी शिवलेलं पहिलं कापड म्हणजे माझा शर्ट. पांढरा, दुहेरी शिलाईचा, काज तर तसेच पूर्वीचे! मी घालून बघितला. कॉलरच्या आत काहीतरी टोचलं. बघतो तर शिंप्याचं लेबल लावतात तिथे एक पांढरी पट्टी आणि तिच्यावर लाल दोऱ्यानं, हातानं काढलेली अक्षरं: 'उजव्या डोळ्यात लोखंड. मोठ्या चुंबकाजवळ नेऊ नये.'

"नाना, हे काय?"

"कोठे बेशुद्ध पडना ते? शुद्धीवर ऱ्हायना तरी तुले इचारतीन, तू ते सांगशीच, काही नही म्हनीसन."

मी कॉलर परत दुमडली. त्यानंतर त्यांनी शिवलेल्या माझ्या प्रत्येक शर्टात ती पट्टी आहे. विज्ञानाचा शिक्षक असा लेबल लावून जळगावात फिरतो. कुणाला दिसत नाही म्हणून बरं, असं मी समजत होतो.

परवा इस्त्रीवाल्याकडे कपडे टाकले. त्यानं कॉलर उलटली, पट्टी दोनदा वाचली, कोळशाची इस्त्री उचललेली तशीच हवेत धरली आणि चार गिऱ्हाइकांदेखत, अगदी काळजीच्या आवाजात मला विचारलं,

"सर, इस्त्री लोखंडी आहे. तुम्ही जरा लांब उभे राहता का?"